घर शाळेच्या आवारात, पत्नी त्याच शाळेत शिक्षिका, मुलगी तिथेच विद्यार्थिनी: मुख्याध्यापकाने हे सगळं कसं सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निवासी शाळेत बरीच वर्षं शिकवल्यावर त्याच शाळेचे मुख्याध्यापक म्हणून तुमची नेमणूक झाली. घर आवारातच, वसतिगृहाला लागून. पत्नी त्याच शाळेत गणित शिकवते आणि मुलगी तिथेच आठवीत आहे. रात्री दार वाजतं, जेवताना पालकांचे फोन येतात, तुम्ही शिक्षककक्षात शिरलात की जुने मित्र बोलायचे थांबतात. घरचे म्हणतात, तुम्ही घरात असता पण नसल्यासारखे. नेतृत्व, कुटुंब आणि एकत्र राहणाऱ्या या माणसांचा समुदाय, तिन्हींचा मेळ कसा घालायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी निवासी शाळेत आधी शिक्षिका होते, मग वसतिगृहाची रेक्टर आणि पुढे मुख्याध्यापिका. माझी मुलंही शाळेच्या आवारातच वाढली. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली एकही ओळ मला नवी नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तासांचा हिशेब सोडून द्या. शाळेला इतके, घराला इतके अशी वाटणी तुमच्या बाबतीत चालणार नाही, कारण तुमच्याकडे तीन वेगळ्या जागा आणि तीन वेगळी माणसं नाहीतच. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञांनी १९६१ साली एक निरीक्षण मांडलं. माणूस साधारणपणे झोपतो एका जागी, काम करतो दुसऱ्या जागी, विरंगुळा शोधतो तिसऱ्या जागी. प्रत्येक ठिकाणचे सोबती वेगळे आणि वरचा अधिकारीही वेगळा. काही संस्थांमध्ये या तिन्हींमधल्या भिंती पडतात. त्यांच्या यादीत बराकी आणि जहाजांच्या जोडीला निवासी शाळाही आहेत. गॉफमन यांचा रोख मुख्यतः तिथे ठेवलेल्या माणसांकडे होता. कर्मचारी काम संपवून बाहेरच्या जगात परततात, हे त्यांनी धरलेलं होतं. तुमच्या कुटुंबाला मात्र परतायला ते बाहेर उरलेलंच नाही. पत्नीचे वरिष्ठ, तिचा नवरा आणि शेजारी एकच. मुलीचे वडील आणि तिच्या मैत्रिणीला शिक्षा देणारे सरही एकच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घर वाचवण्याचं काम घरात सुरू होत नाही, शाळेत सुरू होतं. घरच्यांनी समजून घ्यावं, तुम्ही थोडं लवकर उठावं, रविवार राखून ठेवावा, असले उपाय दोन आठवडे टिकतात. प्रत्येक निर्णय तुमच्यापाशी येऊन थांबतो, ही शाळेची घडी बदलली नाही तर बाकी काहीही बदलत नाही.

तेव्हा रात्रीच्या दारापासूनच सुरुवात करू. बहुतेक मुख्याध्यापकांचं घर इथेच मोडतं.

दार कोण वाजवतं ते काही आठवडे लिहून ठेवा. कोण आलं, कशासाठी आलं आणि तुम्ही काय केलंत, एवढंच. ही वही वाचली की तुमच्या लक्षात येईल, निम्म्याहून अधिक वेळा तुम्ही नुसती मान डोलावलेली असते. रेक्टरांना काय करायचं ते ठाऊक होतं, त्यांना फक्त तुमचा होकार हवा होता. एका मुलाला ताप आहे, औषध दिलंय, सकाळी डॉक्टरांना दाखवतो. दोघं भांडले, वेगळ्या खोल्यांत झोपवलंय. पाण्याचा पंप बंद पडलाय. यांतलं काहीही तुमच्यावाचून अडत नव्हतं. पण विचारून ठेवलं की आपल्यावर बालंट येत नाही, ही सवय साऱ्या शाळेला लागलेली असते, आणि ती तुमच्या आधीपासूनची असते.

यावर उपाय म्हणजे रोज रात्रीचा एक जबाबदार अधिकारी नेमणं. पाळीपाळीने रेक्टर, पर्यवेक्षक आणि वरिष्ठ शिक्षक. त्या रात्री तो माणूस म्हणजेच शाळा. मुलाला दवाखान्यात न्यायचं का, गाडी काढायची का, पालकांना आत्ता कळवायचं की सकाळी, हे तो ठरवेल, आणि त्यासाठी लागणारी रोख रक्कम, चाव्या आणि फोन नंबर त्याच्या हाताशी असतील. मुख्याध्यापकांना कधी उठवायचं याची यादी एका कागदावर लिहून सगळ्यांना द्या. जीवाला धोका असेल असं आजारपण किंवा इजा, मूल जागेवर नसणं, आग, पोलीस, कुणाचा मृत्यू, आणि कुठल्याही मुलाने अत्याचाराबद्दल किंवा कुणाच्या वागण्याच्या भीतीबद्दल काही सांगितलं तर. ही शेवटची बाब रात्री दोनलाही तुमच्यापर्यंत आलीच पाहिजे, तिथे घराची वेळ आड येता कामा नये. त्याशिवाय मुलांना मुख्याध्यापकांना वगळून व्यवस्थापनातल्या एका ठरलेल्या व्यक्तीपर्यंत पोचण्याची वाटही मोकळी हवी. तक्रार तुमच्याबद्दल किंवा तुमच्या घरच्या माणसाबद्दल असू शकते, आणि मुलाने त्यासाठी तुमचंच दार वाजवावं अशी अपेक्षा करता येत नाही.

आता यातला सगळ्यात अवघड भाग. त्या रात्रीच्या अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही, तरी दुसऱ्या दिवशी तो सर्वांसमोर फिरवू नका. तुम्ही असता तर पालकांना रात्रीच फोन केला असता आणि त्यांनी सकाळी केला, एवढाच फरक असेल तर त्यांच्याशी एकट्यात बोला, पुढच्या वेळेसाठी ठरवा आणि पालकांसमोर मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहा. एकदा जरी तुम्ही त्यांना तोंडघशी पाडलंत, तर त्याच रात्री दार पुन्हा वाजायला लागेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल. दिलेला अधिकार खरा आहे की नुसता कागदावरचा, हे माणसं पहिल्या चुकीच्या वेळी ओळखतात. काही निर्णय तुमच्याइतके चांगले नसतील. ती किंमत मोजा. त्या किमतीत तुम्हाला संध्याकाळ परत मिळते आणि शाळेला तुमच्यामागे उभं राहू शकणारी तीन-चार माणसं मिळतात.

दिवसाचंही तसंच आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थाप्रमुखांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांचं काम मिनिटामिनिटाने नोंदवलं आणि १९७३ साली ते प्रसिद्ध केलं. त्या पाचांत एक शाळांच्या कारभाराचे प्रमुख होते. त्यांना आढळलं की निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आतच संपत होती, आणि तासाभराहून जास्त चाललेली कामं जेमतेम दहा टक्के होती. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण याचा घराशी संबंध आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. तुम्ही दिवसभर तुकड्यांत काम करता आणि घरी शिरता तेव्हा पंधरा अर्धवट तुकडे डोक्यात असतात. पत्नी बोलत असते आणि तुम्हाला बदली तासांचं वेळापत्रक दिसत असतं. कार्यालय सोडण्याआधी दहा मिनिटं दार लावून बसा. अडकलेलं प्रत्येक काम आणि त्याचं उद्याचं पहिलं पाऊल लिहा, मगच उठा. या छोट्या सवयीचा मला जितका उपयोग झाला तितका कुठल्याही प्रशिक्षणाचा झाला नाही.

तुम्हाला घरी जायला रस्ताच नाही, ही दुसरी अडचण. इतर लोकांचा प्रवासात वेळ जातो, पण त्या प्रवासात त्यांचा दिवस उतरतो. तुम्ही कार्यालयातून दोन मिनिटांत स्वयंपाकघरात असता. तेव्हा रस्ता तयार करा. फाटकाबाहेर पडा, वीस मिनिटं चाला, मग घरी जा. वसतिगृहाच्या बाजूने गेलात तर ती फेरी पाहणी होऊन बसते, म्हणून दुसऱ्या दिशेने जा. झबीने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली कामानंतर माणूस कशाने सावरतो याचे चार भाग मांडले: कामापासून मनाने सुटणं, शरीराला विश्रांती, काही नवं शिकण्यातलं समाधान, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. आवारात राहणाऱ्याला यांतला पहिला आणि चौथा भाग आपोआप मिळत नाही. तो मुद्दाम मिळवावा लागतो, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

घरात तुमचा आवाज कसा असतो, तेही ऐका. ग्रीनहाउस आणि ब्युटेल या संशोधकांनी १९८५ साली नोकरी आणि कुटुंब यांच्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा, दुसरा ताणाचा, तिसरा वागण्याचा. पहिल्या दोन्हींबद्दल सगळे बोलतात. मला तिसरा जास्त घातक वाटतो. दिवसभर तुम्ही सूचना देता, चौकशी करता, वाद मिटवता, निवाडा करता. तीच रीत उंबरा ओलांडून आत येते. मुलगी काही सांगायला लागते आणि तुम्ही विचारता, “बरं, मग तू काय केलंस? सुरुवात कुणी केली?” तिला निवाडा नको असतो, तिला वडील हवे असतात. पत्नीने एखादी अडचण सांगितली की तुम्ही लगेच उपाय सुचवता आणि विषय मिटवता. मुख्याध्यापक म्हणून हे गुण आहेत, घरात मात्र ते माणसाला परकं करतात. घरच्यांना उघड परवानगी द्या, त्यांनी टोकावं. आमच्या घरी मुलं सरळ म्हणायची, “आई, ऑफिस सुटलं.” ते ऐकून मी गप्प बसायला शिकले.

पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे. तिची रजा, तिचं वेळापत्रक, तिचा गोपनीय अहवाल, तिची वेतनवाढ यांतलं काहीही तुमच्या सहीने होऊ नये. पहिल्याच महिन्यात व्यवस्थापनाला पत्र लिहून हे अधिकार उपमुख्याध्यापकांकडे किंवा मंडळाच्या एखाद्या सदस्याकडे सोपवून घ्या, आणि ही गोष्ट शिक्षकांच्या बैठकीत जाहीर सांगा. गुपचूप पाळलेला निःपक्षपातीपणा कुणाला दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

याची दुसरी बाजू बोलली जात नाही, म्हणून मी जरा जोर देऊन सांगते. आपण पक्षपाती नाही हे दाखवायला बरेच मुख्याध्यापक घरच्या माणसावर अन्याय करतात. शेवटचे तास तिला, अवघड तुकड्या तिला, सहलीची ड्यूटी तिला, कौतुकाच्या वेळी तिचं नाव गाळायचं. लोक म्हणतात, सर किती कडक आहेत! त्या कडकपणाची किंमत एका चांगल्या शिक्षिकेच्या कामाने चुकवली जाते. तिने तुमच्याशी लग्न केलं म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. बैठकीत तिला तुमच्या विरोधात बोलता आलं पाहिजे, आणि त्याचा हिशेब घरी होता कामा नये.

लोक तिच्यामार्फत निरोपही पाठवतील. “सरांच्या कानावर जरा घालाल का?” यावर तुम्ही दोघांनी एकच उत्तर ठरवून ठेवा: “ते तुम्हीच सरांशी बोला, ते ऐकून घेतात.” ती हे हसतमुखाने पण दर वेळी म्हणाली की महिन्या-दोन महिन्यांत निरोप बंद होतात. तुम्हीही तिला सहकाऱ्यांची गुपितं सांगू नका. कुणाची चौकशी चालू आहे, कुणाची नोकरी धोक्यात आहे, हे तिला ठाऊक असेल तर शिक्षककक्षात तिला रोज चेहरा सांभाळत बसावं लागेल. तिला काही ठाऊक नसणं हे तिचं संरक्षण आहे. मनातलं बोलायला तुम्हाला दुसरा माणूस लागेल, त्याबद्दल पुढे लिहिते.

मुलीचं काय? आठवीचं वय नाजूक असतं. तिला वर्गात स्वतःची जागा हवी असते, आणि तुमचं पद ती जागा रोज थोडी थोडी खात असतं. तिला गुण चांगले पडले तर तुमच्यामुळे, कमी पडले तर तुमची अब्रू गेली. शाळेच्या संगणकावर तिची हजेरी, गुण, वर्गशिक्षकांचे शेरे सगळं तुम्हाला एका क्षणात दिसतं. पाहू नका. इतर पालकांना जे ज्या दिवशी कळतं, तेच तुम्हाला त्याच दिवशी कळू दे. पालकसभेला शक्य असेल तर पत्नीने एकटीने जावं. तुम्ही गेलातच तर पालकांच्या रांगेत बसा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबा. तिच्या बाबतीतला शिस्तीचा कुठलाही प्रश्न उपमुख्याध्यापकांकडे जावा, आणि निर्णय तुम्हाला इतर पालकांसारखाच कळवला जावा. तिच्या शिक्षकांबद्दल जेवताना एक वाक्यही बोलू नका. उद्या त्यांच्या वर्गात तिला बसायचं असतं.

तिच्याकडून शाळेची बातमी तर कधीच काढू नका. वसतिगृहात काय चाललंय, कोण कुणाला त्रास देतं, हे तिला ठाऊक असतं, आणि विचारण्याचा मोह फार होतो. एकदा विचारलंत आणि त्यावर काही कारवाई झाली, तर मुलांमध्ये ती कायमची चुगलखोर ठरते. तिने आपणहून धोक्याची गोष्ट सांगितली तर ती अर्थातच घ्यावी लागेल. अशा वेळी ती दुसऱ्या मार्गाने कशी उजेडात आणता येईल याचा आधी विचार करा, आणि पुढे काय होणार ते तिलाही सांगा.

तिला दुसऱ्या शाळेत घालावं का, असंही तुमच्या मनात असेल. थॉमस अर्नोल्ड १८२८ पासून १८४२ पर्यंत इंग्लंडमधल्या रग्बी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि ते व त्यांचं मोठं कुटुंब शाळेतच राहत असे. त्यांनी आपला मुलगा मॅथ्यू याला १८३६ साली विंचेस्टरच्या शाळेत पाठवलं आणि वर्षभराने परत आपल्याच शाळेत आणलं. म्हणजे हा पेच जुना आहे आणि त्याला एकच बरोबर उत्तर नाही. मी एवढंच सांगेन की प्राथमिकच्या वयात मुलांना आई-बाबा त्याच शाळेत असण्याचा आधार वाटतो, वाढत्या वयात त्याचं ओझं होऊ शकतं. निर्णय तिला विचारून घ्या, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तो तुमच्या शाळेवरचा अविश्वास समजू नका. अर्नोल्ड यांची आणखी एक गोष्ट मला शहाणपणाची वाटते. त्यांनी इंग्लंडमधल्याच लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागात फॉक्स हाउ हे घर बांधलं, आणि सुट्टीत सगळं कुटुंब तिथे जात असे. तुम्हाला घर बांधायची गरज नाही, पण सुट्टीत आवार सोडा. आवारातच सुट्टी घालवली तर दुरुस्त्या, प्रवेश आणि हिशेब तुम्हाला सोडणार नाहीत.

इथे मला एक मनापासून सांगायचं आहे. शाळा उभ्या करणाऱ्यांच्या ज्या कथा आपण श्रद्धेने सांगतो, त्यांत घरच्यांनी काय दिलं ते वाचून आपले डोळे भरून येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच विद्यार्थ्यांत रवींद्रनाथांचा मुलगा रथींद्रनाथ होता. रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवींनी शाळेसाठी दागिने दिले, मुलांच्या खाण्यापिण्याची काळजी वाहिली, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. या स्त्रियांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण जिथे काहीच नव्हतं तिथे त्यांनी ते दिलं. आज चालू असलेल्या, पगार देणाऱ्या, नियमांनी बांधलेल्या शाळेने मुख्याध्यापकाच्या कुटुंबाकडून तसला त्याग गृहीत धरणं मला मान्य नाही. पत्नीने स्नेहसंमेलनात पाहुण्यांची सरबराई करावी, आजारी मुलांना घरचं जेवण द्यावं, ही अपेक्षा हळूच येते आणि लवकरच हक्क बनते. तिला मनापासून करावंसं वाटलं तर करू द्या. मंडळाने ते धरून चालू नये, हे पहिल्याच वर्षी बोला.

आता सहकारी. तुम्ही आत आलात की बोलणं थांबतं, याचं तुम्हाला वाईट वाटतं. वाटणारच. पण त्यांना बोलायला जागा हवी आहे, आणि त्यात काही वेळा तुमच्याबद्दलही बोललं जाईल. मधल्या सुट्टीत शिक्षककक्षात रोज जाऊन बसणं थांबवा, ती जागा त्यांची राहू द्या. जवळच्या दोन-तीन मित्रांशी मात्र स्पष्ट बोला. मैत्री आहे, पण काही गोष्टी मी आता सांगू शकणार नाही आणि काही निर्णय तुझ्या विरोधात जातील, हे तोंडाने सांगितलेलं बरं असतं. न सांगता आलेला दुरावा त्यांना गर्व वाटतो.

शाळेतला विश्वास कशावर उभा राहतो याबद्दल शिकागोच्या शाळांमध्ये अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी दीर्घ अभ्यास केला आणि २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना चार गोष्टी दिसल्या: समोरच्याला मान देणं, त्याची माणूस म्हणून काळजी, कामातली जाण, आणि बोललेलं करणं. या चारही गोष्टी दिवसातल्या छोट्या भेटींतच तयार होतात. म्हणजे त्यासाठी प्रत्येक मुंजीला, प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक चहाला हजर राहावं लागत नाही. एखाद्या शिपायाची आई दवाखान्यात आहे हे लक्षात ठेवून तिसऱ्या दिवशी विचारणं, ‘बघतो’ म्हटलेल्या कामाचं उत्तर खरंच देणं, हे जास्त मोलाचं आहे. समारंभांना जा, लवकर जा, सगळ्यांना भेटा आणि लवकर निघा. तुम्ही निघाल्यावरच लोक मोकळे होतात, आणि तुमच्या मुलीला तुमच्याबरोबर जेवता येतं.

मनातलं बोलायला माणूस हवा असं मी वर म्हणाले, तो आवाराबाहेरचा असावा. दुसऱ्या शाळेचा मुख्याध्यापक सर्वांत चांगला, कारण त्याला संदर्भ समजावून सांगावे लागत नाहीत आणि तुमच्या शाळेतल्या कुणाशी त्याचं घेणंदेणं नसतं. ऑस्ट्रेलियात २०११ पासून शाळाप्रमुखांच्या प्रकृतीची जी पाहणी होत आली आहे, तिच्यात ताणाची दोन मोठी कारणं सातत्याने पुढे आली: कामाचा नुसता ढीग, आणि शिकवण्या-शिकण्याकडे लक्ष द्यायला वेळ न उरणं. दुसरं कारण वाचून मला माझेच दिवस आठवले. म्हणून आठवड्यातले काही तास स्वतः वर्गावर घ्या आणि ते कुठल्याही बैठकीसाठी सोडू नका. मुलांना शिकवून घरी जाणारा माणूस आणि फक्त तक्रारी ऐकून घरी जाणारा माणूस यांत घरच्यांना फरक कळतो.

पालकांच्या फोनबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सोपं आहे. खासगी नंबर बदला किंवा बंद करा. शाळेचा एक फोन ठेवा, तो रात्रीच्या अधिकाऱ्याकडे असेल. व्हॉट्सॲपवरच्या पालकांच्या गटांत तुम्ही नसावं. लेखी प्रश्नाला कामाच्या पुढच्या दिवशी उत्तर मिळेल हे वर्षाच्या सुरुवातीच्या पत्रात कळवा, आणि मग खरंच त्या वेळात उत्तर द्या. आठवडाभर कुरकुर होते, मग बसते. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

सगळं नीट लावलं तरी काही आठवडे घराला कमी मिळणारच. प्रवेश, परीक्षा, तपासणी, स्नेहसंमेलन. हे आठवडे आधीच ठाऊक असतात. वर्षाच्या सुरुवातीला घरच्यांबरोबर बसून ते दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवा, मुख्य म्हणजे ते कधी संपणार ती तारीखही. ‘सध्या जरा काम आहे’ हे वाक्य मुलांना वर्षभर ऐकू येत राहतं आणि त्याचा अर्थ संपतो. ‘बारा तारखेपर्यंत’ याला अर्थ असतो, मात्र तेरा तारखेला तुम्ही घरी दिसला पाहिजेत. आश्वासन छोटं द्या. रोज संध्याकाळी तीन तास देईन म्हणू नका. रोजचं रात्रीचं जेवण फोन बाजूला ठेवून एकत्र, एवढंच म्हणा, आणि ते दवाखान्याच्या प्रसंगाखेरीज मोडू नका.

व्यवस्थापनाशी एक बोलणं बाकी राहतं, आणि ते तुम्ही नवे आहात तोवरच सोपं आहे. तुम्ही रजेवर असताना उपमुख्याध्यापकांकडे लेखी कार्यभार आणि सहीचा अधिकार असेल, वर्षातून काही आठवडे तुम्ही आवारात नसाल, आणि त्या काळात मंडळही तुम्हाला फोन करणार नाही. घराचाही विषय काढा. निवासस्थान पदाबरोबर येतं आणि पदाबरोबर जातं. तुम्ही निवृत्त झालात, राजीनामा दिलात किंवा तुम्हाला काही झालं, तर पत्नी आणि मुलगी एका झटक्यात घर, शेजार आणि मैत्रिणी गमावतात. घर रिकामं करायला किती महिने मिळतील, मुलीचं वर्ष मध्येच तुटणार नाही ना, पत्नीच्या नोकरीचं काय, हे नेमणुकीच्या कागदात लिहून घ्या.

शेवटी तुम्ही विचारलंय की जमत नसेल तर पद सोडावं का. अडचण आहे म्हणून सोडू नका. आधी वर सांगितलेलं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष करून पाहा, कारण रात्रीच्या अधिकाऱ्याची घडी बसायलाच अर्धं वर्ष जातं. पण मंडळ उपमुख्याध्यापकांना खरा अधिकार द्यायला तयार नसेल, मुलगी सुट्टीतही घरात थांबायला टाळाटाळ करत असेल, किंवा पत्नीने तुम्हाला काही सांगणंच सोडून दिलं असेल, तर वर्ष संपायची वाट न पाहता दोघं बसून बोला. वर्गावर परत जाण्याचा पर्याय त्या बोलण्यात खरा पर्याय म्हणून ठेवा. मी पाहिलेले काही फार चांगले शिक्षक मुख्याध्यापकपद सोडून पुन्हा वर्गावर गेले, आणि शाळेला त्यांचा तिथेही तेवढाच उपयोग झाला.